पीएलजीए स्कॅफोल्डला गॅमा मारायचा की ईटीओ? जरा सविस्तर सांगतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: पीएलजीए ५०:५० (लॅक्टाइड आणि ग्लायकोलाइड निम्मे-निम्मे असलेला, शरीरात विरघळणारा पॉलिमर) मध्ये हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट हे हाडातलं खनिज मिसळून, मिठाचे कण घालून आणि नंतर ते धुऊन काढून सच्छिद्र स्कॅफोल्ड (ज्यावर नवं हाड वाढावं असा सांगाडा) बनवलाय. आतापर्यंत ७० टक्के इथेनॉल आणि यूव्ही देऊन त्यावर पेशी वाढवल्या, रिझल्ट चांगले आले, आता सशाच्या मांडीच्या हाडात बसवायचाय. त्याआधी तो स्टरिलाइझ करायचा, म्हणजे त्यावरचे सगळे जंतू मारायचे, पण कसे? गाईड म्हणतात गॅमा किरण मारून आणा, लॅबमधले सीनियर म्हणतात ईटीओ म्हणजे एथिलीन ऑक्साइड गॅसच बरा, आणि पेपर वाचायला घेतले तर प्रत्येकात वेगळंच लिहिलंय.

पेपरमध्ये वेगवेगळं लिहिलेलं असतं कारण प्रत्येकाचा पीएलजीए वेगळा असतो. लॅक्टाइड-ग्लायकोलाइडचं प्रमाण वेगळं, सुरुवातीचं मॉलिक्युलर वेट (पॉलिमरच्या साखळ्या, म्हणजे चेन, जितक्या लांब तितकं ते जास्त) वेगळं, चेनच्या टोकाला अ‍ॅसिड आहे का एस्टर ते वेगळं, आत उरलेलं सॉल्व्हंट वेगळं, आणि पॅकिंगमध्ये हवा होती का नायट्रोजन हे तर निम्मे लोक लिहीतच नाहीत. त्यामुळे ‘पीएलजीएला गॅमा चालतो’ किंवा ‘चालत नाही’ या दोन्ही वाक्यांना तसा काही अर्थ नाही. स्टरिलायझेशन ही स्कॅफोल्ड बनवण्याचीच शेवटची पायरी आहे असं समजून चला, म्हणजे त्या पायरीतून बाहेर पडलेला जो तुकडा आहे तोच तुमचा खरा स्कॅफोल्ड, त्याआधीचा फक्त कच्चा माल.

आधी इथेनॉल-यूव्हीचं बोलू. ते स्टरिलायझेशन नाहीच, त्यानं जंतू कमी होतात एवढंच. इथेनॉल बॅक्टेरियाचे स्पोर (कठीण कवचातली सुप्त रूपं) मारत नाही, आणि यूव्ही जिथे थेट पडतो तिथेच काम करतो, छिद्रांच्या आतल्या भिंतींवर सावलीच असते. पेशींच्या प्रयोगात हे खपून जातं कारण मीडियामध्ये अँटिबायोटिक असतं आणि प्रयोग आठवडा-दोन आठवड्यांत संपतो. प्राण्याच्या हाडात ठेवलेल्या परक्या वस्तूवर चार जंतू जरी राहिले तरी ते बायोफिल्म (चिकट थर) करून बसतात आणि मग हाड का भरलं नाही याचं खापर बिचाऱ्या पॉलिमरवर फुटतं. इम्प्लांटसाठी जी पातळी मानतात ती म्हणजे दहा लाख वस्तूंमागे जास्तीत जास्त एका वस्तूवर जिवंत जंतू सापडण्याची शक्यता. इथेनॉलनं तिथे पोचता येत नाही. शिवाय इथेनॉलमध्ये पीएलजीए थोडा मऊ पडतो, फुगतो, आकसतो, आणि यूव्ही जास्त वेळ दिला तर पृष्ठभागावरच्या चेन तुटतात, म्हणजे फुकटचं नुकसानही होतंच.

उष्णतेचं लवकर आटपतो. ऑटोक्लेव्ह म्हणजे १२१ अंश सेल्सिअस, दाबाखालची वाफ, १५-२० मिनिटं. पीएलजीएचं ग्लास ट्रान्झिशन (काचेसारखा कडक पॉलिमर मऊ पडतो ते तापमान) ४५ ते ५० अंशांच्या आसपास, पीसीएल (पीएलएसारखाच याच जातीचा दुसरा पॉलिमर) ६० अंशांनाच वितळतो, आणि पीएलएचा वितळबिंदू वर असला तरी या सगळ्यांच्या चेनमधल्या एस्टर बॉण्डला गरम वाफ म्हणजे हायड्रोलिसिसचं (पाण्यानं चेन तुटण्याचं) आमंत्रणच. छिद्रं बसतात, तुकडा चिकट गोळा होऊन बाहेर येतो. कोरडी उष्णता १६० अंशांना दोन तास, तिचं तर नावच नको. पीक (पीईईके नावाचं प्लास्टिक) किंवा सिल्क फायब्रॉइन (रेशमातलं प्रोटीन) असेल तर ऑटोक्लेव्ह चालतो, निव्वळ सिरॅमिक असेल तर प्रश्नच नाही, पण आपल्या एस्टरवाल्या मंडळींसाठी हा दरवाजा बंद.

आता गॅमा. इथे जरा थांबून बोलायला हवं कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत.

कोबाल्ट-६० मधून येणारे किरण, नेहमीचा डोस २५ किलोग्रे. फायदा सरळ आहे, किरण आरपार जातात, सीलबंद पाकिटात स्टरिलाइझ होतं, तापमान फार चढत नाही, मागे काही उरत नाही. तोटा असा की किरण जंतूच्या डीएनएला जे करतात तेच पॉलिमरच्या चेनलाही करतात, रॅडिकल (बॉण्ड तुटल्यानं चटकन क्रिया करणारे रेणू) तयार होतात आणि मग चेन एकतर तुटतात किंवा एकमेकींना जोडल्या जातात. पीएलए आणि पीएलजीएमध्ये तुटण्याचं पारडं जड असतं. पीसीएलमध्ये दोन्ही चालतं, कारण रूम टेंपरेचरला त्याचा अस्फटिक भाग रबरासारखा असतो, चेन हलू शकतात, दोन रॅडिकल एकमेकांना भेटतात आणि गाठ बसते.

इथे एक साधं गणित बघा, ते समजलं की निम्मे पेपर समजतात. एका डोसला एका ग्रॅममध्ये साधारण ठरावीक संख्येनं चेन तुटतात, ती संख्या चेन लांब आहेत का आखूड यावर फारशी अवलंबून नसते. समजा १,००,००० नंबर-अ‍ॅव्हरेज वेटच्या (एकूण वजन भागिले चेनची संख्या) पॉलिमरमध्ये डोस असा पडला की सरासरी प्रत्येक चेन एकदा तुटली, मग वेट आलं ५०,००० वर, म्हणजे निम्मं गेलं. तेवढेच तुकडे २०,००० च्या पॉलिमरमध्ये पाडले तर? तिथे ग्रॅममागे चेनच पाचपट आहेत, म्हणजे पाचातली एक चेन तुटली, वेट आलं १६,७०० च्या आसपास, घट फक्त १७ टक्क्यांची. एकाच मशीनमध्ये एकाच डोसला एकाची ५० टक्के घट आणि दुसऱ्याची १७ टक्के, आणि दोघंही आपापल्या पेपरमध्ये खरंच लिहिणार. म्हणून कुठल्याही पेपरमधला ‘इतके टक्के घट’ हा आकडा उचलून आपल्याला लावू नका, आधी त्यांचं सुरुवातीचं वेट किती होतं ते शोधा.

दुसरी गोष्ट, गॅमा मारून आणलेला स्कॅफोल्ड बघायला तसाच दिसतो. थोडा पिवळट झाला असेल, बाकी एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) छिद्रं जशीच्या तशी, मायक्रो-सीटीमध्ये पोरॉसिटी तीच, दाबून बघितलं तर कॉम्प्रेसिव्ह मॉड्युलसही (कडकपणा) फार हललेला नसतो. मॉड्युलस मॉलिक्युलर वेटवर फारसा अवलंबून नसतो हो, जोवर वेट एका मर्यादेच्या खाली जात नाही तोवर तो टिकून राहतो, कडकपणा नाही तर चिवटपणा आधी जातो. त्यामुळे विद्यार्थी एसईएमचे फोटो लावून ‘काही परिणाम नाही’ असं लिहून मोकळे होतात. पण परिणाम असतो तो वेळेत. पीएलजीए शरीरात विरघळायला लागतो ते चेन पुरेशा आखूड झाल्यावर, आणि गॅमानं तुम्ही ते घड्याळ आधीच पुढे सरकवून ठेवलंय. वर प्रत्येक तुटीला नवी अ‍ॅसिड टोकं तयार होऊ शकतात आणि अ‍ॅसिड हायड्रोलिसिसला वेग देतं. मग जो तुकडा काही महिने हाडाला आधार देणार असं तुम्ही गृहीत धरलंत तो त्याच्या बराच आधी खचतो, आणि अ‍ॅसिड थोडं थोडं न सुटता एकदम सुटतं. नवं हाड अजून खनिज धरतंय आणि आजूबाजूला पीएच पडतोय, अशा वेळी पेशी चिडल्या तर नवल नाही. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट थोडं अ‍ॅसिड पिऊन घेतं हे खरं, पण सगळं नाही.

आणि तिसरी गोष्ट, रॅडिकल लगेच संपत नाहीत. स्फटिक भागात किंवा काचेसारख्या घट्ट अवस्थेत अडकलेले रॅडिकल पुढे बरेच दिवस टिकतात आणि ऑक्सिजन मिळेल तसं काम करत राहतात. याचा मोठा धडा ऑर्थोपेडिक्सला आधीच मिळालाय. कृत्रिम हिपमधले पॉलिएथिलीनचे लायनर पूर्वी हवेतच गॅमा देऊन पाकिटात ठेवत असत, ते शेल्फवर पडल्यापडल्या ऑक्सिडाइझ होऊन ठिसूळ व्हायचे आणि शरीरात गेल्यावर लवकर झिजायचे. १९९० च्या दशकात ते नीट लक्षात आल्यावर उत्पादक ऑक्सिजन काढलेल्या पॅकिंगकडे किंवा गॅमाशिवायच्या पद्धतींकडे वळले. पॉलिएथिलीन काही विघटनशील नाही, तरी ही तऱ्हा, मग पीएलजीएचं काय. म्हणून गॅमा मारून आल्यावर त्याच आठवड्यात टेस्ट केलेला तुकडा आणि तीन महिने कपाटात राहिलेला तुकडा हे दोन वेगळे नमुने धरा.

पीसीएलवाल्यांसाठी एक सूचना. गाठी बसल्या की पॉलिमरचा काही भाग सॉल्व्हंटमध्ये विरघळत नाही, जेल राहतं, आणि जीपीसीला (मॉलिक्युलर वेट मोजणाऱ्या मशीनला) टाकण्याआधी तुम्ही सॅम्पल फिल्टर करता तेव्हा ते जेल फिल्टरवरच राहतं. मग मशीन जे दाखवतं ते फक्त विरघळलेल्या भागाचं. आधी जेल किती आहे ते वजन करून बघा, मग जीपीसीच्या आकड्यावर बोला.

तरीही गॅमा करायचाच असेल तर नुकसान कमी करता येतं. ऑक्सिजन काढा, म्हणजे स्कॅफोल्ड व्हॅक्यूममध्ये नीट सुकवून, ड्राय नायट्रोजन किंवा आर्गॉन भरून, अ‍ॅल्युमिनियमच्या पाऊचमध्ये डेसिकंटसोबत (ओलावा शोषणारी पुडी) सील करा, गॅमाला फॉइलची अडचण नसते. ड्राय आइसवर द्या, थंडीत रॅडिकलची हालचाल मंदावते (मात्र गॅमा देणाऱ्या केंद्राला आधी विचारून ठेवा आणि तो डोस जंतूंना पुरेसा पडतोय हेही त्याच थंडीत तपासायला लागतं). डोसमीटर पाकिटासोबत ठेवा, कारण कागदावर २५ असतं ते किमान असतं, खोक्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात ३५ च्या पुढेही जाऊ शकतं, आणि तुमचे सहा तुकडे कुठल्या कोपऱ्यात होते हे नंतर कोणी सांगू शकत नाही. कोबाल्टचा हाफ-लाइफ ५.२७ वर्षं आहे, सोर्स जुना झाला की तोच डोस द्यायला जास्त तास लागतात, आणि हवेतल्या सॅम्पलसाठी जास्त तास म्हणजे जास्त ऑक्सिडेशन.

सगळ्यात दुर्लक्षित उपाय म्हणजे डोसच कमी करणं. २५ हा काही देवानं दिलेला आकडा नाही. आयएसओ १११३७ (किरणांनी स्टरिलाइझ करण्याचं आंतरराष्ट्रीय मानक) मध्ये डोस सिद्ध करायच्या पद्धती दिल्यात, त्यात तुकड्यावर मुळात किती जंतू आहेत हे मोजून डोस ठरवता येतो. तुकड्यामागे सरासरी हजारापर्यंत असतील तर २५ ची पद्धत, आणि सरासरी दीडच्या आत असतील तर १५ किलोग्रे सिद्ध करायची वाट आहे. म्हणजे स्वच्छ हूडमध्ये, फिल्टर केलेली सॉल्व्हंट वापरून, मीठ धुवायला स्टराइल पाणी घेऊन तुकडा बनवलात तर पॉलिमर वाचवायला जागा मिळते. मेहनत आहे, सॅम्पल जास्त लागतात, पण पुढे माणसापर्यंत जायचा विचार असेल तर हे आत्ताच शिकून घ्या.

इलेक्ट्रॉन बीम हा गॅमाचा भाऊ. डोस सेकंदांत-मिनिटांत जातो, ऑक्सिजनला आत शिरायला वेळ मिळत नाही म्हणून ऑक्सिडेशन सहसा कमी. आरपार जाण्याची ताकद कमी, पण सच्छिद्र हलक्या तुकड्यांना तेवढी पुरते. एक मेख आहे जी फार कोणी सांगत नाही: २५ किलोग्रे म्हणजे ग्रॅममागे २५ जूल, आणि पीएलजीएची उष्माधारकता साधारण सव्वा जूल धरली तर तापमान जवळपास २० अंशांनी चढतं. गॅमामध्ये ही उष्णता तासन्‌तास हळूहळू निघून जाते, बीममध्ये ती एका झटक्यात येते. खोली २५ अंश असेल तर तुमचा तुकडा ४५ ला, म्हणजे थेट ग्लास ट्रान्झिशनच्या उंबऱ्यावर. दोन-तीन पासमध्ये विभागून, मध्ये थंड होऊ देऊन द्यायला सांगा.

आता ईटीओ. एथिलीन ऑक्साइड जंतूंच्या प्रोटीन-डीएनएला अल्किल गट चिकटवून मारतो, पॉलिमरच्या मुख्य चेनला सहसा हात लावत नाही, म्हणून जीपीसीचा आकडा बहुतेक वेळा छान येतो आणि सीनियर लोक त्यावर खूश असतात. त्यांचं म्हणणं चूक नाही. पण ईटीओ नुसता गॅस नाही, त्यासोबत ओलावा लागतो, आणि सायकल ३७ ला चालते का ५५ ला यावर सगळं ठरतं. ओला पीएलजीए कोरड्यापेक्षा दहा-पंधरा अंश आधीच मऊ पडतो. म्हणजे ५५ अंशांच्या दमट सायकलमध्ये तुमचा स्कॅफोल्ड ग्लास ट्रान्झिशनच्या चांगलाच वर आहे, छिद्रांच्या भिंती बसतात, तुकडा आकसतो, इलेक्ट्रोस्पन (विजेच्या जोरावर काढलेल्या बारीक तंतूंची) चटई असेल तर ती गुंडाळून पापडासारखी होते कारण तंतू काढताना ताणलेल्या चेन सैल पडतात. आणि लोक सायकलचं तापमान विचारतात पण नंतरच्या एअरेशनचं (गॅस निघून जावा म्हणून हवा खेळवण्याचं) विसरतात, तेही बऱ्याच ठिकाणी ५०-६० अंशांना बारा तास चालतं! ३७ ची सायकल आणि रूम टेंपरेचरला लांब एअरेशन, असं स्पष्ट लिहून मागा.

रेसिड्यूचा, म्हणजे आत उरलेल्या गॅसचा, प्रश्न खरा आहे. ईटीओ कॅन्सरकारक म्हणून सिद्ध आहे, आणि सच्छिद्र तुकडा गॅस धरून ठेवतो, पॉलिमरमध्येही तो विरघळतो. आयएसओ १०९९३-७ मध्ये कायम शरीरात राहणाऱ्या वस्तूसाठी पहिल्या २४ तासांत ४ मिलिग्रॅम, ३० दिवसांत ६० मिलिग्रॅम आणि आयुष्यभरात अडीच ग्रॅम अशी मर्यादा आहे. पण ती मोठ्या माणसासाठी. सरळ ७० किलोच्या हिशेबानं साडेतीन किलोच्या सशाला आणलं तर पहिल्या दिवसाचे ०.२ मिलिग्रॅमच येतात, तेवढं ध्यानात ठेवा. क्लोराइड असलेल्या ठिकाणी एथिलीन क्लोरोहायड्रिन हे दुसरं विषारी रसायनही तयार होतं, आणि तुम्ही मीठ वापरून छिद्रं पाडलीत, तेव्हा मीठ पूर्ण धुतलं गेलंय का ते आधी चेक करा. स्कॅफोल्डमध्ये जिलेटिन किंवा कोलॅजन असेल तर ईटीओ त्यांच्या अमाइन गटांवरही बसतो, म्हणजे पेशी ज्याला धरतात तोच पृष्ठभाग बदलतो.

हायड्रोजन पेरॉक्साइड प्लाझ्माबद्दल फार नाही सांगत. ५० अंशांच्या आसपास चालतो, विषारी रेसिड्यू राहत नाही असं म्हणतात, अमेरिकेच्या एफडीएनं जानेवारी २०२४ मध्ये पेरॉक्साइडच्या वाफेला प्रस्थापित पद्धतींच्या यादीत घेतलं. पण खोल, वाकड्यातिकड्या छिद्रांत वाफ पोचते का हा प्रश्न आहे, ओलसर सॅम्पल असेल तर व्हॅक्यूमच धरत नाही आणि सायकल रद्द होते, कागदी पाऊच पेरॉक्साइड शोषून घेतं म्हणून टायव्हेकच (प्लास्टिकच्या तंतूंचं पाऊच) लागतं, आणि आत अडकलेलं पेरॉक्साइड पहिल्या दिवशी पेशी मारतं. पृष्ठभाग जास्त पाणीप्रेमी होतो, पेशी बऱ्या चिकटतात, आणि मग लोक ते आपल्या नव्या कोटिंगचं यश म्हणून छापतात. सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइड ३१ अंश आणि ७४ बारच्या वर चालतो, थंड आहे म्हणून आकर्षक वाटतो, पण नुसत्या कार्बन डायऑक्साइडनं स्पोर मरत नाहीत, त्यात पेरासिटिक अ‍ॅसिडसारखं काहीतरी घालावं लागतं, आणि पीएलजीएचा फोम बनवायची तर हीच पद्धत आहे! दाब भसकन सोडला की तुमची मापून बनवलेली छिद्रं फुगून वेगळीच होतील.

स्कॅफोल्डमध्ये बीएमपी-२ (हाड वाढवणारं प्रोटीन) किंवा दुसरं कुठलं प्रोटीन घालायचा विचार असेल तर ते शेवटच्या स्टरिलायझेशनमधून नेऊच नका. २००२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या बीएमपी-२ च्या उत्पादनात हेच केलंय, कोलॅजनचा स्पंज ईटीओनं वेगळा स्टरिलाइझ केलेला, प्रोटीनची कोरडी पावडर वेगळी, आणि ऑपरेशनच्या वेळी पावडर विरघळवून स्पंजवर टाकायची. हायड्रोजेल असेल तर द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढून हूडमध्ये जमवायचं. अल्जिनेट ऑटोक्लेव्ह करणारे बरेच आहेत, त्याच्या चेन तुटून जेल ढिलं पडतं, कशामुळे ते शोधत बसतात.

अजून एक मुद्दा जो स्टरिलायझेशनच्या नावाखाली दबून जातो, तो एंडोटॉक्सिनचा. गॅमा दिलात, ईटीओ दिलात, जंतू मेले, पण त्यांच्या कवचाचे तुकडे तिथेच राहिले आणि हाडाभोवतीच्या मॅक्रोफेजना (परक्या गोष्टी गिळणाऱ्या पेशींना) चिडवायला ते पुरेसे आहेत. नंतर काढायला जवळपास काही उपाय नाही, आधीच येऊ द्यायचे नाहीत. तुमच्या बाबतीत सोपं आहे: मीठ, हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटची पावडर, काचेची भांडी, स्पॅच्युला हे सगळं २५० अंशांना अर्धा तास कोरडं भाजून घ्या, त्यांना काही होत नाही. पाणी एंडोटॉक्सिन-फ्री घ्या. मग एलएएल (एंडोटॉक्सिन मोजणारी) टेस्ट करा, हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट आणि अ‍ॅसिडमुळे टेस्टमध्ये अडथळा येतो का तेही स्पाइक (मोजून घेतलेलं एंडोटॉक्सिन) घालून बघा.

तर तुमच्या केसमध्ये मी काय करेन. एकाच बॅचमधून चार गट करेन: काहीच न केलेला, ३७ अंशांचा ईटीओ, नायट्रोजन पाऊचमधला गॅमा ड्राय आइसवर, आणि जमलं तर पासमध्ये विभागलेला बीम. प्रत्येकाचं जीपीसी (नंबर-अ‍ॅव्हरेज आणि वेट-अ‍ॅव्हरेज दोन्ही, नुसतं एक नाही), डीएससीची (गरम करत ग्लास ट्रान्झिशन वगैरे मोजणारी टेस्ट) पहिली हीटिंग, कारण दुसऱ्या हीटिंगमध्ये स्टरिलायझेशनचा इतिहास पुसला जातो, मायक्रो-सीटी, ओल्या अवस्थेत ३७ अंशांना कॉम्प्रेशन, कोरडं नाही. मग सगळे बफरमध्ये ३७ अंशांना ठेवून दर आठवड्याला पीएच, तुकड्याचं वजन, मॉलिक्युलर वेट आणि ताकद, किमान आठ आठवडे. यातून जो निघेल तो वापरायचा. पैज लावायची झाली तर तुमच्यासाठी थंड ईटीओ जिंकेल असं मला वाटतं, मात्र रेसिड्यूचा रिपोर्ट हातात असल्याशिवाय ससा हातात घेऊ नका. सुरुवातीचं वेट आधीच कमी असेल तर मात्र गॅमाही चालून जाईल, वरचं गणित आठवा.

आणि पेशींचे जे छान रिझल्ट आलेत ते इथेनॉल-यूव्हीवाल्या स्कॅफोल्डचे आहेत, ससा वेगळा स्कॅफोल्ड घेणार आहे. निदान पेशींचा मुख्य प्रयोग तरी ठरलेल्या पद्धतीनं स्टरिलाइझ केलेल्या तुकड्यांवर परत करा, रिव्ह्यूअर विचारतोच. ईटीओचे तुकडे टायव्हेकमध्ये गॅस देऊन, एअरेशन झाल्यावर बाहेरून फॉइल पाऊच आणि डेसिकंट घालून उणे २० ला ठेवा, काढल्यावर पाऊच न फोडता रूम टेंपरेचरला येऊ द्या नाहीतर आत पाणी धरतं. प्रत्येक बॅचचे तीन-चार तुकडे न वापरता बाजूला ठेवा, सशांचा रिझल्ट विचित्र आला तर जीपीसीला टाकायला काहीतरी हवं ना.